धोंड्याचा जावई आणि हेडफोनची वायर

सोल्डरिंगचं लोखंड सासूबाईंच्या चुलीत तापत होतं आणि मी पाटावर मांडी घालून, जावयाला शोभेल अशा ऐटीत, ते लाल व्हायची वाट बघत होतो. समोर पितळी ताटलीत हेडफोन ठेवला होता. ताटलीच्या काठाला कुणीतरी हळदकुंकवाचं बोटही लावलं होतं. बाहेरून आलेल्या माणसाला इथे दुरुस्ती चालली आहे की पूजा, हे सांगता आलं नसतं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे माझी बायको, सुमन. ओसरीवर माझे सासरे, म्हणजे अण्णा, खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते. त्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर त्यांच्या मुलाचं गाणं होतं आणि ते त्यांना ऐकायचं होतं. त्या हेडफोनशिवाय ते ऐकता येणार नव्हतं. तो मी आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं होतं.

मी तेव्हा नांदेडला एका रेडिओच्या दुकानात कामाला होतो. निजामाचं राज्य, त्यात लढाईचे दिवस. गावात रेडिओ मोजकेच. वकील, जिनिंगवाले, बडे अंमलदार यांच्याकडे. बहुतेक सेट बॅटरीवर चालणारे. दुकानाच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली मी व्हॉल्व्ह बदलायला, एरियल बांधायला आणि बॅटऱ्या चार्ज करायला शिकत होतो. शिकत होतो, हे लक्षात ठेवा. लातूरला सासुरवाडीत मात्र मी मेकॅनिक होतो. मी शिकाऊ आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

आणि महिना होता अधिक. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला बोलावून वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे नि तेहतीस अनारसे खाऊ घालायचे. त्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाने पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलायचा नसतो. आणि नारायण जे करील त्याला कुणी ‘चुकलं’ म्हणायचं नसतं. हा दुसरा नियम त्या दिवशी आम्हाला फार महागात पडणार होता.

आदल्या दिवशी कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चाकूरपाशी बंद पडली, प्रवाशांनी ती ढकलली, आणि काळ्या तोंडाने का होईना, मी लातूरला पोचलो. माझ्या गळ्यात जरीकाठी उपरणं पडलं. संध्याकाळी अण्णा मला शेजारी मन्मथअप्पांच्या बैठकीत घेऊन गेले.

मन्मथअप्पांची गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. त्यांच्याकडे बॅटरीचा रेडिओ होता. त्याआधीचा त्यांचा सेट लहान होता, त्याला स्पीकरच नव्हता, हेडफोन लावूनच ऐकावं लागे. नवा सेट आला नि तो हेडफोन खुंटीला लटकत राहिला. एक दिवस अप्पांनी गंमत म्हणून तो नव्या सेटला जोडून अण्णांच्या कानाला लावला, आणि अण्णा दचकून उठून उभे राहिले.

कारण असं, की अण्णांचे कान गेले होते. ते निजामी शाळेत गणिताचे मास्तर. तेव्हा शाळा उर्दूतून चालत, त्यामुळे अण्णा मराठी बोलता बोलता आकडेमोड मात्र उर्दूत करायचे. हिवतापात क्विनाइन भरपूर झालं आणि ऐकू येणं कमी कमी होत गेलं. उजवा कान तर संपलाच. डाव्या कानाशी ओरडलं तर शब्द कळायचा. “पण मला सगळ्यांचा आवाज एकच येतो,” अण्णा म्हणायचे. “ओरडण्याचा.”

हेडफोनमध्ये कुणी ओरडत नव्हतं. आवाज थेट कानात येत होता, ज्याचा त्याचा, वेगवेगळा. तेव्हापासून रोज संध्याकाळी अण्णा अप्पांच्या बैठकीत.

आता मुलाचं सांगतो. वसंत, माझा मेहुणा. अण्णांचे कान गेले तेव्हा त्याचा आवाजही फुटला नव्हता. पुढे तो हैदराबादला मामाकडे गेला, तिथेच कचेरीत नोकरीला लागला आणि गाणं शिकला. दिवाळीला यायचा, डाव्या कानाशी ओरडून बोलायचा आणि परत जायचा. अण्णांनी त्याचा मोठेपणीचा आवाज ऐकलाच नव्हता. हैदराबादच्या रेडिओवर मराठी कार्यक्रमात त्याला गायला मिळालं, तसं त्याचं कार्ड आलं: अमुक दिवशी संध्याकाळी, एक अभंग. त्या दिवसापासून अण्णा गल्लीत भेटेल त्याला तो दिवस सांगत सुटले.

आणि गाणं दुसऱ्या दिवसावर आलेलं असताना अप्पांच्या बैठकीत हेडफोन बिघडला. अण्णांनी मान हलवली की आवाज जायचा, मान वाकडी धरली की यायचा. अण्णांना तर ऐकताना मान डोलवायची खोड. म्हणजे आवडलं की ऐकू येणं बंद.

“वायर आतून तुटलीय,” मी म्हणालो. निदान बरोबर होतं. पुढच्या दिवसभरात मी इतकं बरोबर परत काही बोललो नाही.

“आवं जावईबापू, नवा मिळंल का न्हाई कुठं?” अप्पांनी विचारलं.

“लढाई चालू आहे अप्पा. नवा कुठून येणार? पण मी बसलोय ना. घरच्या घरी करून देतो.”

“बघा अण्णा,” अप्पा अण्णांच्या कानात ओरडले, “जावई असावा तर असा!”

तर असा मी चुलीपुढे बसलो होतो. लोखंड एका पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून आणलेलं, अंगठ्याएवढं जाड. त्यानं घागरी सांधायच्या. जवळ माझा पेचकस, दाढीचं पातं नि सोल्डरचा तुकडा. सोल्डर म्हणजे शिसं आणि कथील यांची मऊ तार. ती वितळवून दोन तारा जोडायच्या, म्हणजे आपलं डाक लावणं.

मी वायरचं वरचं सुती वेष्टण पात्याने कापलं. आत बारीक तांबूस तार दिसली. तार जोडायची तर आधी खरवडून चकचकीत करायची, हा दुकानातला पहिला धडा. मी खरवडली. ती चकचकीत व्हायच्या ऐवजी नाहीशी झाली. पात्याला तांब्याचा भुगा लागला आणि हातात पांढरा दोरा राहिला.

मला वाटलं, वायर जुनी आहे. तो भाग कापून टाकला. पुढच्या भागाला खरवडणं टाळून सरळ लाल लोखंड टेकवलं. फुस्स झालं, धूर आला आणि जळक्या सुताचा वास ओसरीपर्यंत गेला.

“झालं वाटतं,” सासूबाई हळूच सुमनला म्हणाल्या. “वास आला.”

“छान!” ओसरीवरून अण्णा म्हणाले. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण वास येत होता.

मी ते टोकही कापलं. परत टेकवलं, परत फुस्स. मग नवसागर लावून बघितला, कारण कल्हईवाला लावतो. त्यानं वायर हिरवी झाली. दर वेळी बोटभर वायर जळायची नि बोटभर मी कापायचो. सकाळी वायर माझ्या उंचीएवढी होती. सकाळ संपता संपता ती वीतभर उरली. आणि त्या सबंध वेळात एकही माणूस ‘हे काय चाललंय’ म्हणाला नाही. उलट सासूबाईंनी मला वारा घालायला सुमनला पंखा दिला. शेजारणी येऊन बघून गेल्या. एक म्हणाली, “बघा की, किती बारीक काम करून राहिलेत!” बारीक म्हणजे काय, वायर संपत आली होती.

शेवटी कसंबसं टोकाला सोल्डरचा एक गोळा चिकटला. मूगभजीएवढा. मी जाहीर केलं, “झालं.”

तपासायचं कसं, तेही सांगतो. हेडफोन कानाला लावायचा आणि वायरची दोन टोकं टॉर्चच्या सेलला टेकवायची. वायर धड असेल तर कानात ‘टक्’ असा आवाज येतो. तुटली असेल तर काही नाही. आमच्या उस्तादांचा नियम होता की तपासणी ग्राहकाच्याच कानाने करायची, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी तो नियम पाळला. हेडफोन अण्णांच्या डोक्यावर चढवला, डावा कान नीट बसवला आणि सेलला टोकं टेकवली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघत होतो.

“टक्!” अण्णा म्हणाले.

परत टेकवली.

“टक्! हाव, वाजलं. शाबास, जावईबापू!”

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पान वाढलं गेलं. मी तेहतिसातले निदान नऊ अनारसे खाल्ले. जेवताना मी सासूबाईंना रेडिओ कसा चालतो ते समजावून सांगितलं, हे आठवलं की आजही मला घाम फुटतो.

जेवण झाल्यावर माजघरात सुमन माझ्याजवळ आली. विडा पुढे केला आणि म्हणाली, “अहो, एक बोलू? रागावणार नसाल तर.”

“बोल की.”

“दुसऱ्यांदा तुमचं टोक सेलला लागलंच नव्हतं. बोटभर लांब होतं. अण्णा तरी ‘टक्’ म्हणाले.”

विडा माझ्या तोंडातच राहिला. “तू बघितलंस?”

“सगळ्यांनी बघितलं. आई पण.”

“मग बोलली का नाहीस?”

“धोंड्याचा जावई,” ती म्हणाली. “आईने सकाळीच दटावलं होतं. काही केलं तरी मधे बोलायचं नाही म्हणून. पंखा काय हौसेनं घालत होते का मी? धूर घालवत होते.”

मी हेडफोन आणून स्वतःच्या कानाला लावला. टोकं सेलला टेकवली, घासली, दाबली. आत ठार शांतता. वसंताच्या गाण्यात आणि त्या शांततेत आता फक्त एक दुपार उरली होती.

अण्णा झोपाळ्यावर डोळे मिटून पडले होते. मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडलो, “अण्णा, वाजलं नव्हतं ना?”

त्यांनी डोळे उघडले.  मग मान हलवली. नाही.

“मग ‘टक्’ का म्हणालात?”

“तुमचं तोंड बघून,” अण्णा म्हणाले. “इतक्या लांबून आलात. सकाळपासून चुलीपाशी बसलात. मन कसं मोडायचं?”

“अण्णा, पण संध्याकाळी काय केलं असतं?”

“मान डोलवली असती,” अण्णा अगदी सहज म्हणाले. “गाणं संपेस्तोवर. मला येते की डोलवता.”

आयुष्यात मला पुष्कळांनी शिव्या घातल्या. उस्तादांनी तर चार भाषांत. पण अण्णांच्या त्या ‘मान डोलवली असती’ने मी जितका शरमलो, तितका कुठल्याच शिवीने शरमलो नाही. मी माजघरात येऊन सुमनला म्हणालो, “आता मी संध्याकाळपर्यंत जावई नाही. मी मेकॅनिक आहे. चुकलं की सांग.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग आधी ती भजी काढून टाका,” ती म्हणाली.

इथून पुढे काम सुरू झालं. अण्णांचं वाचायचं भिंग घेऊन आम्ही दोघं उजेडात बसलो आणि मी ती वायर पहिल्यांदा नीट बघितली. हे सकाळी करायला हवं होतं. ती तार नव्हतीच. सुताच्या दोऱ्यावर तांब्याची केसाएवढी चपटी पट्टी गुंडाळलेली होती. कानाची वायर सारखी वाकते, साधी तार तिथे आठ दिवसांत तुटेल, म्हणून ती अशी लवचिक करतात. खरवडली की पट्टी जाते. तापवली की आतलं सूत जळतं. म्हणजे दोन्ही गोष्टी करू नयेत, आणि मी त्या दोन्ही, आळीपाळीने, सकाळभर केल्या होत्या.

उरलेली वीतभर वायरही हिरवी पडून आतून कुजली होती. मी अप्पांकडून एरियलच्या तारेचा तुकडा आणला. तो थेट कानाच्या डबीत, स्क्रूखाली दाबला. स्वतः तपासलं, टक् आलं. पण अण्णांच्या डोक्यावर चढवून त्यांना मान डोलवायला सांगितलं, तर ती तार छत्रीच्या काडीसारखी ताठ. दुसऱ्या डोलण्यालाच स्क्रूमधून निसटली.

“मान हलवू नका म्हणून सांगू का अण्णांना?” मी विचारलं.

“सांगा,” सुमन म्हणाली. “ऐकतील. पण मग ते गाणं ऐकणार की मान सांभाळणार?”

ती अजून भिंगातून तो जळका दोरा बघत होती. “अहो, दोऱ्यावर पट्टी गुंडाळलेली म्हणजे ही जरच की. आमच्या शालूला अशीच असते, फक्त चांदीची.”

“चांदीतून करंट तांब्याहून चांगला जातो,” मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य दोघांच्याही तोंडून निघेना, कारण घरात काढता येईल अशी जर एकाच ठिकाणी होती. खुंटीवर. माझ्या धोंड्याच्या उपरण्याच्या पदराला.

“आई मला उभी जाळेल,” सुमन कुजबुजली.

सासूबाई दारातच होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. माझ्याशी त्या सरळ बोलत नसत, भिंतीशी बोलत. भिंतीकडे बघून म्हणाल्या, “दिलेलं वाण आपलं राहत नाही. जावयांच्या उपरण्याचं काय करायचं, ते जावयांनी ठरवावं.” मग जरा थांबून, पुन्हा भिंतीला, “दोरा उसवायला माझी सुई बारीक आहे.”

त्या सुईने मायलेकींनी पदराची जर उसवली. एक एक आडवा धागा सोडवत, न तोडता. मी जरीचे चार चार धागे एकत्र पिळले. अशा दोन दोऱ्या झाल्या, दोन-दोन हात लांब. आता दोन्ही एकमेकींना लागता कामा नयेत, नाहीतर आवाज वाटेतच मरतो. प्रत्येकीला वेगळं वेष्टण हवं, तेही लवचिक.

“नाडा,” सुमन म्हणाली.

“काय?”

“विजारीचा नाडा. आतून पोकळ असतो. एकीला एक.”

विजार त्या घरात मी एकटाच घालायचो. अण्णांचं धोतर. माझ्याजवळ विजारी दोन होत्या आणि नाडेही दोनच. ते दोन्ही गेले. ते धुतलेले होते, एवढं इथे नमूद करतो. सुईला जर बांधून ती नाड्यातून ओवली गेली. नंतर मी अण्णांचं धोतर नेसलो. ते मला कधीच नीट नेसता येत नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी अर्धं लक्ष माझं कमरेकडे होतं.

जोड मात्र मी दिला. विस्तव न लावता. एरियलच्या तारेचा एक बारीक पदर सोडवला, तो जरीच्या टोकावर दहा-बारा घट्ट वेढे देऊन बांधला आणि ती बांधलेली गाठ स्क्रूखाली दाबली. खाली, दुसऱ्या टोकाला, अशीच गाठ मारून पुढे एरियलची जाड तार जोडली, सेटपर्यंत जायला. तिथे मान डोलत नाही, तिथे ताठ तार चालते. हेडफोनचा उजवा कान तसाच सोडून दिला. तो अण्णांच्या उपयोगाचा नव्हता.

तपासणी आली. मी अण्णांच्या कानात ओरडलो, “अण्णा, आता मन मोडायचं. डोळे मिटा, मान डोलवा, आणि जितक्या वेळा वाजेल तितकं मोजून सांगा.”

गणिताच्या मास्तरांना काम मिळालं. ते ताठ बसले, डोळे मिटले, मान डोलवू लागले. मी सेलला टोक कधी टेकवलं, कधी नुसतंच जवळ नेलं.

“पाँच,” अण्णा म्हणाले. मग डोळे उघडून, “बरोबर?”

पाचच होते. सासूबाई भिंतीकडे बघून हसल्या.

संध्याकाळी सगळे अप्पांच्या बैठकीत. बायका आतल्या दाराशी, पडद्याआड. अप्पांनी तक्क्या सरकवून अण्णांना सेटजवळ बसवलं. मी तारा जोडल्या आणि स्पीकर एकदम गप्प झाला.

“आवं, हे काय?” मागून कुणीतरी ओरडलं. “आवाज गेला की!”

त्या सेटचं तसंच होतं. अप्पांना ते रोजचं, पण आज इतकी माणसं ऐकायला येतील तेव्हा काय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. हेडफोन जोडला की स्पीकर बंद. म्हणजे अण्णा ऐकणार तर बाकी कुणीच ऐकणार नाही. घरची, शेजारची, जमलेली सगळी माणसं वसंताला ऐकायला आली होती. बैठकीत चुळबुळ झाली.

पडद्याआडून सासूबाईंचा आवाज आला. या वेळी समोर भिंत नव्हती. “राहू द्या. आम्ही दिवाळीला ऐकलाय.”

मग तो कार्यक्रम आम्ही असा ऐकला: एक म्हातारा माणूस, त्याच्या डोक्याला लोखंडी पट्टी, कानातून लोंबणारे दोन पांढरे नाडे, आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसलेली सगळी आळी. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. अण्णा तर वर्गात शिकवल्यासारखे बोलत होते.

“बाई बोलून राहिल्यात... नाव घेतलं! वसंताचं नाव घेतलं!... खरखर... गेली खरखर... पेटी वाजतेय... खाकरला!”

“खाकरला,” अप्पांनी मागच्यांना सांगितलं.

“अरे, हा तर जाड आवाज आहे! हा केव्हा इतका... घाई करू नको, घाई करू नको, हां...”

आणि अण्णांची मान डोलू लागली. नाडे त्याबरोबर हलत होते. मी एका हाताने सेटकडची तार धरून ठेवली होती, दुसऱ्या हाताने धोतर.  पण मला राहून राहून एकच दिसत होतं: सकाळी मला खूश करायला ‘टक्’ म्हणणारा हाच माणूस. गाठ सुटली असेल आणि अण्णा नुसतेच डोलत असतील तर? या घरातल्या माणसांच्या चांगुलपणाचा काही भरवसा नव्हता.

मग अण्णा बोलायचे थांबले. डोळे मिटून नुसते बसून राहिले. मी कानाशी जाऊन ओरडणार, तोच त्यांनी हात वर केला. थांब. बराच वेळ हात तसाच वर होता. शेवटी तो खाली आला.

“संपलं,” अण्णा म्हणाले.

“कसा म्हटला अभंग?” पडद्याआडून सासूबाईंनी विचारलं. ते अप्पांनी अण्णांच्या कानात ओरडून पोचवलं.

“अभंग?” अण्णा म्हणाले. “अभंग नव्हता. गौळण म्हटली त्याने.”

बैठकीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. कार्ड सगळ्यांनी वाचलं होतं. कार्डात अभंग होता. मला वाटलं, झालं, गाठ सुटली. ऐकलेलं नाही, आणि आता रचून सांगतायत. तेही चुकीचं. सुमनने पडद्याच्या फटीतून माझ्याकडे बघितलं, आणि तिलाही तेच वाटलं होतं, हे मला कळलं.

मी तार उपटली. स्पीकर खडबडून जागा झाला. रेडिओवरच्या बाईंचा आवाज भरभरून आला, वाक्याच्या मधूनच: “...यांनी गायलेली गौळण आपण ऐकलीत.”

 अप्पांनी मांडीवर थाप मारली. “गौळणच की वो!” आत बायकांचा एकच गलका झाला. अण्णांना त्यातलं काही कळलं नाही. ते हेडफोन काढून आतल्या पडद्याकडे बघत होते. “अगं,” ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना म्हणाले, “मला सांगायचं नाहीस? फार बरा गातो की गं पोरगा!”

पडद्याच्या फटीतून दिसलं, सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. 

मी पुष्कळ वर्षं ही लाइन केली. मोठमोठे सेट उघडले. पण आभार मानायची वेळ आली की मला त्या घरातली माणसं आठवतात. ज्यांनी माझ्या हातून सबंध वायर जळू दिली, मला वारा घातला, आणि नंतर आपल्याच वाणाची जर सुईने सोडवून माझ्या हातात ठेवली. त्या वायरीवर अण्णांनी पुढे लढाई संपेपर्यंत रोज रेडिओ ऐकला. मग कंपनीची नवी वायर मिळाली, ती मी बसवून दिली. अण्णा म्हणाले, फरक काही नाही.

नांदेडला परत आल्यावर मी उस्तादांना सगळं सांगितलं. नाड्यांपर्यंत सगळं. ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी म्हणालो, “उस्ताद, नियम तर तुमचाच पाळला. तपासणी ग्राहकाच्या कानाने केली.”

“हौ मियाँ,” ते म्हणाले, “कान गाहक का. मगर गाहक सुसरा नक्को.”

उस्तादांचा नियम मी पुढेही पाळला, त्यात एक कलम वाढवून. ग्राहकाच्या आधी माझा कान. आणि काम चालू असताना गिऱ्हाईक फारच ‘वा, वा’ म्हणायला लागलं, की मी हत्यार खाली ठेवतो आणि जळका वास कुठून येतोय ते बघतो.